मुंबईचा स्वस्त माल आणि आम्ही सांगलीकर

आमच्याकडं कुणी नवीन काही घातलं की "छान दिसतंय" नंतर येतं, आधी "कितीला पडलं?" आकडा कमी सांगितला तर समोरचीचं तोंड बघण्यासारखं होतं आणि जास्त सांगितला तर आपली अक्कल निघते. मी मुंबईहून आले की बिल्डिंगमधल्या चारपाच जणी तरी चहाच्या निमित्तानं येतात आणि पिशव्या उघडून बसतात, हे कुठनं घेतलं, ते कुठनं घेतलं, भाव किती केला, आम्हाला पत्ता दे. दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते म्हटलं.

पण पत्ता देऊन काही होत नाही हो. पत्ता सगळ्यांना माहीत असतो. फॅशन स्ट्रीट माहीत नाही असं कोण आहे? आणि सगळ्यांना वाटतं की स्वस्त मिळण्याचं गुपित घासाघीस करण्यात आहे, पाचशे सांगितले की दीडशेपासून सुरू करायचं, पाठ फिरवून चार पावलं चालायचं, मग तो हाक मारतो वगैरे. ते सगळं ठीक आहे, मीपण करते, पण माझं मत असं झालंय की आधी एकच गोष्ट कळली पाहिजे, हा माल इतका स्वस्त का आहे? कुठनं निघाला, कुणी नाकारला, इथं कसा आला? ते कळलं की किती द्यायचे ते आपोआप कळतं. आणि ते नाही कळलं तर पाचशेचं दीडशेला घेऊनपण आपण फसलेलोच असतो.

आमचा कार्यक्रम ठरलेला असतो. रात्री सांगलीला महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसायचं, सकाळी कल्याणला उतरायचं, तिथनं डोंबिवली. तिथं माझी मोठी नणंद राहते, मी ताईच म्हणते त्यांना. अंघोळ, पोहे, आणि गर्दीचा टाइम उलटून गेला की लोकलनं खाली. लवकर जाऊन उपयोग नाही, फूटपाथवरचे बरेचसे स्टॉल अकराच्या आधी धड लागलेलेच नसतात. ताई शाळेत शिक्षिका होत्या, आता रिटायर, आणि भाव करताना त्यांचा आवाज अजिबात चढत नाही, एखाद्या मुलाला उभं करून पाढे विचारावेत तसं त्या विचारतात. मी मात्र लगेच ओरडाओरडी करते.

फॅशन स्ट्रीट म्हणजे महात्मा गांधी रोडवर मैदानाच्या कडेनं लागलेली ती स्टॉलची रांग, सीएसएमटीवरनंपण चालत जाता येतं आणि चर्चगेटवरनंपण. तिथं प्रत्येक जण म्हणतो "एक्स्पोर्ट का माल है". आता यातलं खरं काय ते सांगते. एक्स्पोर्टची ऑर्डर घेणारी फॅक्टरी शंभर नगांची ऑर्डर असली तर नेमकं शंभरच कापत नाही, १०३-१०५ कापते, कारण शिवताना काही बिघडणार, काहीला डाग लागणार, काहीचा रंग बाकीच्यांशी जुळणार नाही. ऑर्डर पुरी झाली की वरचे उरतात. शिवाय चेकिंगमध्ये काढलेले असतात. आणि कधी कधी परदेशातला गिऱ्हाईक आख्खी ऑर्डरच रद्द करतो, माल उशिरा पोचला म्हणून किंवा त्याचाच धंदा बसला म्हणून. टीशर्ट-बनियनचं होजिअरी काम तिरुपूरला, शर्ट-पँटी बेंगळुरूकडं, बायकांचे फॅशनचे टॉप दिल्ली-नोएडाकडं, तिथनं हा उरलेला माल वजनावर किंवा लॉटनं विकला जातो आणि फिरत फिरत फूटपाथवर येतो. ब्रँडवाले आपल्या नावानं विकू देत नाहीत म्हणून गळ्यातलं लेबल अर्धं कापलेलं असतं किंवा त्याच्यावर मार्करची रेघ ओढलेली असते. म्हणजे लेबल कापलेलं दिसलं तर नाक मुरडू नका, उलट तिथंच थांबा. लेबल एकदम कोरंकरकरीत, मोठ्या ब्रँडचं, आणि शर्ट अडीचशेला, तर तो कुठल्या गल्लीत शिवलाय ते देव जाणे.

मी काय बघते ते सांगते. आधी आतली डावी शिवण. तिथं धुण्याच्या सूचनांची पट्टी असते, खऱ्या एक्स्पोर्टच्या कपड्यात ती नुसती पट्टी नसते, दोनतीन पानांची छोटी वहीच असते, इंग्रजीखाली फ्रेंच, स्पॅनिश असलं काय काय, आणि अमेरिकेचा माल असेल तर आर एन आणि पुढं नंबर, तो तिथल्या कंपनीच्या नोंदणीचा. गळ्याचं लेबल कापतात पण ही पट्टी कापायचा कंटाळा करतात. मग त्या पट्टीजवळ किंवा पुढच्या बटणपट्टीच्या आत खाली एक जादा बटण टाकलेलं असतं. मग शर्ट उलटा करून उजेडात धरायचा, मशीनच्या तेलाचा ठिपका, सुई फिरून पडलेली भोकांची ओळ, एक बाही दुसरीपेक्षा किंचित फिकट, यातलं काहीतरी एक सापडतंच. सापडलं की मला बरं वाटतं, कारण मग कळतं की हा का नाकारला. काहीच सापडलं नाही तर मी दुप्पट शंका घेते. बाहीचा फिकटपणा नवऱ्याला चालतो, त्यांना तो दिसतच नाही. तेलाचा डाग दुकानातलं डाग काढायचं लिक्विड लावून बऱ्याचदा जातो. पण सुईची भोकं असतील तर सोडून द्यायचं, दोन धुण्यात तिथंच फाटणार. आणि साइज. एल लिहिलंय म्हणून एल घेऊ नका, युरोपचा एल वेगळा, आपला वेगळा. घरातला नीट बसणारा एक शर्ट सोबत न्या आणि वर ठेवून बघा, तो स्टॉलवाला हसतो, हसू दे.

भाव करायची एक युक्ती मला गेल्या काही वर्षांत सापडलीय आणि ती मी आत्तापर्यंत कुणाला सांगितली नव्हती. आता प्रत्येक स्टॉलवर तो पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबा असतो ना, क्यूआर कोडचा. एखादा स्टॉल आवडला की लगेच जायचं नाही, शेजारी उभं राहून मोबाईल बघितल्याचं नाटक करायचं. तो आधीच्या पोरीला म्हणत असतो "छहसौ से नीचे नहीं होगा मॅडम, खरीदी नहीं है उतने में", पाच मिनिटं त्यांची ओढाताण चालते आणि मग डबा मोठ्यांदा सांगतो, दोनसौ अस्सी रुपये प्राप्त हुए. झालं. आपल्याला भाव कळला. मी गेले की म्हणते, "भैया, दोनसौ सत्तर." तो डब्याकडं बघतो आणि माझ्याकडं बघतो.

ताईंना हे आवडत नाही, त्यांना वाटतं त्यात मजा काय राहिली. त्यांची पद्धत वेगळी. त्या पहिलं गिऱ्हाईक म्हणून जातात, भवानीच्या टायमाला. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक परत पाठवायला विक्रेत्याच्या जिवावर येतं, तेवढ्याच बळावर त्या शांतपणे आपला आकडा सांगून उभ्या राहतात. बोलतच नाहीत पुढं. तो बोलतो, बोलतो, शेवटी पिशवीत टाकतो.

ड्रेस मटेरियल आणि लॉटचे कपडे घ्यायचे तर किंग्ज सर्कलचं गांधी मार्केट मला फॅशन स्ट्रीटपेक्षा जास्त आवडतं, तिथं कॉलेजच्या पोरींपेक्षा आमच्या वयाच्या बायका जास्त, म्हणजे स्टॉलवालापण जरा जपून बोलतो. लिंकिंग रोड, हिल रोड, कुलाबा कॉजवे हे सगळं मी बघून झालंय, चपला-पर्स-कानातली यांच्यासाठी ठीक, पण कुलाब्याला परदेशी टुरिस्टच्या हिशोबानं भाव सुरू होतो आणि आपला वेळ तो खाली आणण्यातच जातो. तिथं कोल्हापुरी चपला काय भावानं सांगत होते ते ऐकून मी तिथंच हसले. अहो ह्या चपलेला २०१९ साली जीआय, म्हणजे ती ह्याच भागाची म्हणून सरकारी शिक्का, मिळालं त्यात कोल्हापूरसोबत सांगली, सातारा, सोलापूर जिल्हेपण आहेत, पलीकडं कर्नाटकातले चार जिल्हे आहेत, म्हणजे आमच्या घरातली वस्तू मी कुलाब्याला घेऊ? आणि वर ती बघितली तर खालचा सोल चामड्याचा नव्हताच.

आता कापड. कापडाला मंगलदास मार्केट आणि साडीला दादरचं हिंदमाता, हे आमच्या आईच्या काळापासून चालत आलंय. मंगलदासच्या त्या गल्ल्यांत शिरलं की मला वेळेचं भान राहत नाही, दोन्ही बाजूंना गाद्यांवर बसलेले लोक, ताग्यांच्या भिंती, एक जण फर्रकन ताग्याच्या घड्या सोडतो आणि दुसरा त्या परत गुंडाळत असतो. इथं कटपीस बघायचे. आख्ख्या ताग्याच्या शेवटी उरलेला दोन-अडीच मीटरचा तुकडा, तो त्यांना नको असतो. ब्लाउज, कुर्ता, लहान पोरांचे कपडे यासाठी त्यात सोनं सापडतं. रविवारी बंद असतं हे लक्षात ठेवा. आणि बाजूलाच झवेरी बाजार, तिथं सोनं घ्यायला नाही जात मी, पण तिथल्या गल्ल्यांत गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं, काम करणारे आमच्या विटा-खानापूर-आटपाडीकडचे लोक भरपूर आहेत. चहाच्या टपरीवर "कुठलं गाव?" म्हटलं की "विटा" असं उत्तर आलं की एवढं बरं वाटतं, आणि मग मंगलदासमध्ये कुठल्या गाळ्यात लूट नाही ते पण तेच सांगतात.

पण कापडाचं एक गंमतशीर आहे. मी एकदा तिथं पॉपलिन बघत होते, साधं परकराचं, अस्तराचं पॉपलिन. गादीवरच्या काकांना विचारलं कुठलं, तर म्हणाले कापड इचलकरंजीचं, रंग बालोत्र्याचा. इचलकरंजी! आमच्या घरापासनं तासाभराच्या आत. १९०४ साली तिथं पहिला यंत्रमाग बसला, तेव्हापासनं आख्खं गाव त्यावर चालतंय, रात्री गल्लीतनं जावा, सगळीकडनं खटाखट खटाखट. पण मागावरनं उतरलेलं ते कोरं कापड, ज्याला ते ग्रे म्हणतात, ते तिथं सगळं रंगत नाही, बरंचसं राजस्थानात पाली-बालोत्र्याला, गुजरातेत जेतपूर-अहमदाबादला जातं, रंग-छपाई होऊन व्यापाऱ्याकडं मुंबईला येतं आणि मग आम्ही सांगलीचे लोक रात्रभर रेल्वेत बसून ते घ्यायला मुंबईला. अर्थात इचलकरंजीत जाऊन दोन मीटर मागितलं तर कोण देणार, तिथं व्यवहार ताग्यांचा. म्हणून मी म्हणते की बिल्डिंगमधल्या सहाजणींनी मिळून अस्तराचं कापड इचलकरंजीच्या होलसेलवाल्याकडनं घ्यावं. पण सहाजणींचं रंगावर एकमत होईल तर शप्पथ.

गिरणीच्या कापडाचा विषय निघाला की मला आईचे वडील आठवतात. ते शिराळ्याकडचे, परळला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गावाकडच्या लोकांच्या एका खोलीत वीसेक माणसं, पाळीपाळीनं झोपायची, खाणं खानावळीत. दिवाळीला येताना गिरणीच्या दुकानातनं कामगारांच्या सवलतीत घेतलेलं कापड आणायचे, आणि ते आणतील त्याच एका ताग्यातनं सगळ्या घराचे कपडे, म्हणजे मामाचा शर्ट, आईचा परकर आणि खिडकीचा पडदा एकाच डिझाइनचे. खरी फॅक्टरी आउटलेट ती होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आजोबा गावी आले आणि परत कामावर गेलेच नाहीत. आता लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवर तो प्रचंड मॉल आहे, ताई मला एकदा घेऊन गेल्या होत्या, आत एका शर्टाचा टॅग बघितला आणि आम्ही दोघी एसीत पाय मोकळे करून बाहेर आलो.

तर आता हल्लीची आउटलेटं. हा विषय आला की मी चिडते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अंधेरी-मरोळकडं, लोअर परळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, आणि आता तर प्रत्येक हायवेवर "फॅक्टरी आउटलेट" बोर्ड दिसतात. यात तीन जातीचा माल असतो. एक, मागच्या सीझनचा, शोरूममध्ये राहिलेला. हा सगळ्यात चांगला, फॅशन जुनी झाली एवढाच त्याचा गुन्हा. दोन, सेकंड्स, म्हणजे काहीतरी दोष असलेला, बऱ्याच ठिकाणी टॅगवर तसा शिक्का किंवा टॅगचा कोपरा कापलेला असतो. आणि तीन, खास आउटलेटसाठीच बनवलेला माल. हा कधी शोरूमला गेलेलाच नसतो. कापड पातळ, शिवणीचे टाके लांब लांब, अस्तर नाही, पण नाव तेच, आणि टॅगवर भलीमोठी एमआरपी छापून ती खोडलेली. म्हणजे जी किंमत कुणी कधी दिलीच नाही, तिच्यावर पन्नास टक्के सूट. लोक खूश.

मग ओळखायचं कसं? टॅग वाचा. पॅक केलेल्या तयार कपड्याच्या टॅगवर बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं. मागच्या सीझनचा माल म्हणतोय आणि टॅगवर दोन महिन्यांपूर्वीची तारीख असेल, तर मागचा सीझन कुठला हो? उलट वर्ष-दीड वर्षापूर्वीची तारीख असेल तर तो माल खरा शिल्लक राहिलेला. बुटांच्या बाबतीत मात्र उलटं, फार जुने बूट घेऊ नका, सोलचा गोंद आणि फोम पडून पडूनपण खराब होतो, महिन्याभरात सोल हातात येतो. एकावर एक स्टिकर असेल तर वरचा नखानं उचलून खालचा बघायचा, मी सरळ बघते, कुणी काही म्हणत नाही.

आणि ते ५० टक्के अधिक २० टक्के. बायकांनो, हे सत्तर टक्के नाही. २००० चा कुर्ता, पन्नास टक्क्यांनी १००० झाला, त्या हजारावर वीस टक्के म्हणजे ८००. साठ टक्के सूट झाली. दोन घ्या एक मोफत म्हणजे तेहतीस टक्के, आणि तिसरा कधीच आवडलेला नसतो, तो उगाच वहिनीला वाढदिवसाला जातो. मला काही वर्षांपूर्वी अशाच एका आउटलेटमध्ये, नाव नाही घेत, बिलावर सूट दिलेल्या किमतीच्या वर टॅक्स लावून दिला. मी म्हटलं एमआरपीत सगळे टॅक्स धरलेले असतात, टॅगवरच लिहिलंय, मग सूट देऊन परत टॅक्स कसा? काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "मॅडम, सिस्टीमच तसं घेते." सिस्टीम! ग्राहक आयोगांनी हे चुकीचं आहे म्हणून निकाल दिलेत हे मी त्याला सांगितलं, मॅनेजर आला, आणि टॅक्स गेला. माझ्यामागं रांगेत उभ्या असलेल्या माणसानं गुपचूप आपलं बिल परत तपासायला घेतलं. तेव्हा बोर्डवर बारीक अक्षरात तारा मारून काय लिहिलंय ते आत शिरतानाच वाचा.

फूटपाथवर बिल नाही, बदलून मिळत नाही, ट्रायल रूम नाही, हे सगळं खरं. पण तिथं तो मला "ब्रँडेड अनुभव" विकत नाही. तो म्हणतो एक्स्पोर्ट, मी म्हणते नाही, आणि दोघांनाही माहीत असतं की खरं मधेच कुठंतरी आहे. आउटलेटमध्ये गाणी लावून, अत्तर मारून, कागदी पिशवीचेपण पैसे घेऊन तेच करतात. माझं मत विचाराल तर पँट, जीन्स, अंतर्वस्त्रं, बॅगा आउटलेटमधनं घ्या, कारण त्यात शिवण आणि चेन महत्त्वाची आणि ती घालून-ओढून बघता आली पाहिजे. वरचे कपडे, मुलांचे कपडे, चादरी रस्त्यावर.

आता स्वस्त मालाबद्दल आम्हा सांगलीकरांना कुणी काही शिकवायची गरज तशी नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, कापड पेठ, हरभट रोड, मारुती चौक सगळं पाण्याखाली. पाणी उतरल्यावर दुकानदारांनी गाळानं भरलेले गठ्ठे रस्त्यावर काढले. विमा असलेल्यांचं काय व्हायचं ते झालं, पण पुष्कळांनी ओला माल मिळेल त्या पैशाला काढला. साड्या, बेडशीट, शर्टपीस, ढिगानं. गर्दी ही गर्दी. काही लोक नावं ठेवत होते की दुसऱ्याच्या नुकसानीवर कसली खरेदी करता, पण मला ते पटलं नाही, त्या दुकानदाराला त्या दिवशी हातात रोख हवी होती. मी आमच्या नेहमीच्या दुकानातनं सुती बेडशीटा घेतल्या, आणि तेव्हा कळलं की पुराच्या पाण्यातनं काय वाचतं. सुती पांढरं आणि फिकट वाचतं, गरम पाणी, सोडा, ऊन, चारदा धुवा, वास जातो. जरीची साडी गेली, जर काळी पडते. सिल्क तर बघूच नका. गडद रंगाच्या घडीत पाणी बसलेलं असतं, तिथं रंग उतरून घडीच्या रेघा कायमच्या. हे ज्ञान मला पुढं मुंबईत उपयोगी पडलं. एकदा पावसाळ्यानंतर हिंदमाताच्या बाहेर एक जण "फ्रेश लॉट" म्हणून साड्या विकत होता. हिंदमाताला पावसात पाणी तुंबतं हे सगळ्या जगाला माहीत. मी एक साडी उलगडून घडीवरची रेघ बघितली, जर नाकाला लावली आणि ताईंना म्हटलं चला.

चोर बाजाराचं राहिलंच. भेंडी बाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुन्या वस्तूंची दुकानं आहेत, ती शुक्रवारी बंद असतात, पण शुक्रवारी पहाटे तिथल्या रस्त्यावर वेगळाच बाजार भरतो, बूट, कपडे, अवजारं, मोबाईलचे सुटे भाग. तिकडं भाऊजी जातात, बॅटरी घेऊन, उजाडायच्या आत. मी पहाटेची कधी गेले नाही, मला दुकानं बघायची असतात. आरसे, ग्रामोफोन, सिनेमाची जुनी पोस्टरं, जहाजावरची घड्याळं. यातलं जुनं किती आणि जुनं दिसावं म्हणून चिंच-मीठ-ॲसिड लावलेलं किती हा प्रश्न आहेच. पितळेला मी वजन करून बघते आणि तळ बघते. वापरलेल्या भांड्याचा तळ एका बाजूला जास्त झिजलेला असतो, चुलीवरनं ओढून ओढून, सगळीकडनं सारखा काळा असेल तर तो नवीनच.

तिथं एका दुकानाच्या दारात पितळी बंब होता. आमच्या मिरजेच्या आजीकडं होता तस्साच, मधे निखाऱ्याची नळी, खाली जाळी, बाजूला तोटी. सहज विचारला, तर त्यानं बावीस हजार सांगितले. आजीचा बंब गीझर आल्यावर मामानं मोडीत घातला होता, किलोच्या भावानं, आणि त्या पैशात मामीनं कुकर घेतला. मी त्या माणसाला विचारलं हे कुठनं येतात हो, तर म्हणाला, "आपके उधर से ही आते हैं, सांगली, कोल्हापूर, सातारा, पुराना वाडा तुटता है ना." मग काय बोलणार. मी नळी वाकून बघितली, आत राख नव्हती पण जळल्याचे खरे डाग होते, म्हणजे वस्तू अस्सल होती. घेतला नाही अर्थात. ठेवायचा कुठं?

कपड्यांचंपण तसंच आहे. आमच्या गल्लीत डोक्यावर टोपली घेऊन बोहारीण यायची, अजूनही कधीतरी येते, जुन्या साड्या-शर्ट द्या आणि स्टीलची पातेली घ्या. आपल्याला वाटतं ते कपडे संपले. संपत नाहीत. ते धुवून, रफू करून, बटणं लावून, इस्त्री होऊन शहरातल्या पहाटेच्या बाजारात परत उभे राहतात, वाघरी समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा करतात. आणि जे अगदीच घालण्यासारखं नसतं, विशेषतः परदेशातनं गठ्ठ्यांनी आलेले लोकरीचे कपडे, ते पानिपतला जाऊन त्याचा परत धागा होतो आणि ब्लँकेटं बनतात. फूटपाथवरचं ते जाड, राखाडी, जरासं टोचणारं ब्लँकेट दिसतं ना, तेच. स्वस्त असतं, उबदार असतं, पण पहिल्यांदा घेतल्यावर उन्हात नीट झोडपा आणि सर्दी-दम्याच्या माणसाला देऊ नका, बारीक तंतू उडतात. स्वेटर मात्र मी मुंबईत घेत नाही. थंडीत सांगलीत तिबेटी लोक स्टॉल लावतात, त्यांचा माल लुधियानाचा नवीन असतो, भाव फिक्स सांगतात आणि शेवटच्या आठवड्यात, गावी परतायच्या आधी, स्वतःच कमी करतात.

ज्यांना मुंबई लांब वाटते त्यांच्यासाठी पुण्याचा जुना बाजार आहे, बुधवारी आणि रविवारी, मंगळवार पेठेच्या बाजूला. पण तो बायकांच्या कपड्यांचा बाजार नाही, नवऱ्यांना पाठवायचा. पाने, पकडी, जुनी नाणी, घड्याळं, मिक्सरच्या मोटरी. आमचे हे तिथनं एक पितळी कुलूप घेऊन आले, किल्ली नसलेलं. "शोला चांगलं आहे" म्हणाले.

पुढच्या महिन्यात परत जाणार आहे, भाचीचं लग्न ठरलंय. सासूबाईंनी यादी दिलीय, त्यात सगळ्यात वर सहा परकरांचं पॉपलिन, मंगलदासमधनं. मी म्हटलं, आई, ते कापड इचलकरंजीला विणतात, मी रविवारी स्कूटरवर जाऊन कुणाकडनं तरी आणते. त्या म्हणाल्या, "इचलकरंजीचं नको गं बाई, मला मुंबईचंच लागतं, त्याचा रंग जात नाही." आता बालोत्र्याचं त्यांना कुठं समजावत बसू. यादीत लिहिलंय: राणी कलर दोन, जांभळा एक, मोरपंखी एक, पांढरे दोन, आणि पांढऱ्याच्या पुढं कंसात, जाडसर बघून घेणे.